तिकडची

पावसाच्या खोलीचं चाक फिरवायच्या आधी काचेतून आत बघायचं, हा आमच्या कारखान्याचा साधा नियम. त्या दिवशी मी तो पाळला नाही. सकाळपासून काकांशी माझं वाजलं होतं, डोकं तापलेलं होतं, आणि त्याच तिरीमिरीत मी चाक गरागरा फिरवलं. आतून कोणीतरी "अहो —" असं अर्धवट ओरडलं.

मी काचेपाशी धावले. वरच्या पाइपांमधून धो धो पाणी कोसळत होतं आणि त्याच्या अगदी मध्यभागी एक तरुण उभा होता. पांढरा शर्ट, काळी पँट, काखेत लॅपटॉपची बॅग. तो पळाला नाही, दार शोधायला गेला नाही. शांतपणे बॅगेतून घडीची छत्री काढली, बटण दाबून उघडली, आणि बसची वाट बघत असल्यासारखा तिच्याखाली उभा राहून माझ्याकडे बघत राहिला.

मला हसू फुटलं. चांगला जपून ठेवलेला राग असा वाया गेला.

चाक बंद करून मी दार उघडलं.

"इथे काय करताय तुम्ही?"

"मालकांना भेटायचंय. बाहेरच्या बाई म्हणाल्या, डावीकडच्या खोलीत बसा."

"ही उजवीकडची आहे."

"ते कळलं आता." त्याने छत्री मिटली. पापण्यांवरून पाणी ठिबकत होतं. "तुमच्याकडे सगळ्याच पाहुण्यांचं असं स्वागत...?"

"नाही. फक्त छत्री घेऊन येणाऱ्यांचं. रेनकोटच्या कारखान्यात छत्री आणायची, म्हणजे सोनाराच्या घरी खोटे दागिने घालून जाण्यासारखं झालं."

"पण उपयोगी पडली ना," तो म्हणाला. "तुमचा रेनकोट कुठे होता तेव्हा?"

मी खुंटीवरचा कोट काढून त्याच्या हातात दिला. ओल्या शर्टावर आमचा पिवळाधमक रेनकोट चढवून तो काकांच्या खोलीत गेला, आणि दुपारच्या आत अख्ख्या शिवणखात्यात त्याचं नाव पडलं — छत्रीवाले साहेब. मी मनातल्या मनात 'साहेब' गाळून टाकलं.

तो कोण, हे संध्याकाळी कळलं आणि माझं हसू जिथल्या तिथे मावळलं. ज्या गोष्टीवरून सकाळी काकांशी माझी जुंपली होती, नेमकं त्याच कामासाठी त्याला बोलावलं होतं.

आमचा कारखाना घरचा आहे. आत्या शिवणखातं बघते, काका खरेदी-विक्री. कोट तपासायचं काम बाबांचं होतं. ते गेल्यावर त्यांचा वाटा आणि त्यांची पावसाची खोली दोन्ही माझ्याकडे आलं. दर वर्षी हंगाम भरात आला की आमची मशिनं कमी पडतात. दुकानदार माल मागतात आणि आम्ही हात जोडून नाही म्हणतो. काकांनी त्यावर तोड काढली होती — कोट परदेशातून शिवून घ्यायचे. समुद्रापलीकडे एक मोठा कारखाना होता, दर आमच्यापेक्षा पुष्कळ कमी. काय घरी करावं आणि काय बाहेरून करून घ्यावं हे सांगणं, हाच छत्रीवाल्याचा धंदा. तो काही आठवडे आमच्यात राहून सगळं बघणार, अहवाल देणार, आणि मग आम्ही तिघं भागीदार मत देणार होतो.

काकांचं मत हो. आत्याचं नाही. ती म्हणाली, "माझ्या बायका कोट शिवतात म्हणून हा कारखाना आहे. शिवण गेली तर मागे काय राहतं, पाटी?" उरलं एक मत, ते माझं. म्हणजे सगळं घोंगडं माझ्या गळ्यात.

"आणि ठरलंच," काका म्हणाले, "तर हेच तिकडे दोन वर्षं राहून बसवून देणार आहेत सगळं."

त्याच्या जाण्याशी मला तेव्हा काही देणंघेणं नव्हतं. खरंच नव्हतं. निदान पहिला आठवडाभर.

कोट कसा तपासतात हे त्याला दाखवणं माझ्याकडे आलं. आतल्या कपड्यांवर खांद्याला, बगलेला, मानेला टिपकागदाचे तुकडे लावायचे. वरून कोट घालायचा, टोपी ओढायची आणि पाण्याखाली उभं राहायचं. बाहेर आल्यावर टिपकागद जिथे ओला, तिथे शिवण कच्ची. यंत्रांनीही करता येतं हे सगळं, पण माणूस हात वर करतो, मान वळवतो, खाली वाकतो. यंत्राला कुठे बस पकडायची असते?

"मीही उभा राहू?" त्याने विचारलं.

"अहवालात तेही लिहायचंय?"

"नाही. मागच्या वेळी घाईत भिजलो. या वेळी नीट भिजावं म्हटलं."

मग रोज सकाळी आम्ही दोघं पाण्याखाली उभे राहायला लागलो. पाण्याचा आवाज इतका, की बोलायचं तर जवळ सरकावं लागे. ओल्या सिमेंटचा आणि नव्या रबराचा वास त्या खोलीत भरून राहायचा. त्याच्या टोपीची दोरी नेहमी सुटायची आणि मी ती बांधायची. दुसऱ्या दिवशी ती दोरी पुन्हा सुटलेली. चार दिवसांनी मला शंका आली.

"तुम्हाला गाठ मारता येत नाही?"

"येते की."

"मग?"

"तुमची जास्त घट्ट बसते," तो म्हणाला आणि वरच्या पाइपांकडे बघायला लागला, जसं काही तिथे फार महत्त्वाचं काम चाललं होतं.

मी गाठ मारली. बोटं त्याच्या हनुवटीला लागली — चुकून. पाणी गार होतं, तरी माझे कान तापले.

"तुमचं मत काय होणार?" त्याने विचारलं.

"मत द्यायच्या दिवशी कळेल."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत भिजा."

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसत आणि ओठ मागून येत. असं हसणारा माणूस जगात दुसरा नसेल, आणि तो फक्त माझ्याशीच असं हसतो, असं मी त्या आठवड्यात ठरवून टाकलं होतं.

मग तिकडची आली.

म्हणजे ती आली नाही, तिचा चेहरा आला — लॅपटॉपच्या पडद्यावर. समुद्रापलीकडच्या त्या कारखान्याची बाहेरची कामं तीच बघत होती. गोल चेहरा, कपाळावर सरळ रेषेत कापलेले केस, आणि बोलताना मान एका बाजूला कलती. रोज दुपारी तिचा फोन यायचा. छत्रीवाला काकांच्या शेजारच्या छोट्या खोलीत बसून तिच्याशी इंग्रजीत बोलायचा, दार उघडं असायचं, आणि पहिल्याच दिवशी मला तिथून हसणं ऐकू आलं. दोघांचं.

मी दारातून डोकावले. त्याचे डोळे आधी हसले. ओठ मागून आले.

माझं पित्त खवळलं.

शिवणखात्यात आम्ही तिला 'तिकडची' म्हणायला लागलो. तिला खरं नाव होतं, सोपंही होतं, पण माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही.

"अगं, तुझ्या नाकाला का मिरच्या झोंबतायत?" आत्याने एकदा विचारलं. ती बटणं लावून बघत होती आणि वर न बघता बोलत होती. "माझं शिवणखातं जाणार म्हणून मी चिडलेय. तुझं काय जातंय?"

"तेच. आपलं शिवणखातं."

"हं," आत्या म्हणाली. आत्याच्या 'हं'मध्ये पुष्कळ काही मावतं.

पुढच्या आठवड्यात तिकडचीने नमुन्याचा कोट पाठवला. गडद निळा. मी तो उलटा करून बघितला आणि जळफळाट म्हणजे काय ते मला नीट कळलं. आतली प्रत्येक शिवण पट्टीने बंद केलेली, कुठे सुरकुती नाही, बगलेत जादा कापड घालून हात वर करायला जागा ठेवलेली. बगलेची ही युक्ती मला सुचायला हवी होती.

"मी तपासते," मी म्हणाले.

"दोघं तपासू."

"नको. तुम्ही बाहेर थांबा. तुमचा जीव अडकलाय त्यात."

मी टिपकागद लावले, कोट घातला, आणि काचेपलीकडून त्याला चाक फिरवायची खूण केली. आमचा कोट आम्ही जेवढा वेळ तपासतो तेवढा वेळ झाला. मी बाहेर आले नाही. हात वर केले, खाली केले, उकिडवी बसले, पाठ पाइपाखाली धरली. कवायत करणाऱ्या शाळकरी मुलीसारखी दिसत असणार मी. काचेवर टकटक झाली. त्याने घड्याळ दाखवलं. मी मान फिरवली. कुठेतरी ओल येईल, कुठेतरी एक टाका दगा देईल, तिची एक तरी चूक निघेल... बोटं पांढरी पडली तेव्हा त्याने पाणीच बंद केलं आणि दार उघडलं.

"झालं? सापडलं काही?"

मी टिपकागद काढून त्याच्या हातावर ठेवले. सगळे कोरडे ठणठणीत.

"चांगला आहे कोट," तो हळूच म्हणाला.

"दिसतंय ना मला." आणि मला शिंक आली. मग दुसरी, तिसरी. त्याने आपला रुमाल पुढे केला.

"इतकं कशासाठी? तो कोट बिचारा काय करतो तुमचं?"

"कोट काही करत नाही," मी म्हणाले आणि रुमाल घेऊन निघून आले. रुमाल परत केला नाही. उशीखाली ठेवला, हे कोणाला सांगायची गरज नाही.

त्यानंतरच्या दुपारी तो तिच्याशी बोलत असताना काकांनी त्याला हाक मारली. त्याने मला बोलावलं. "दोन मिनिटं बोला हिच्याशी. शिवणीतलं तुम्हाला जास्त कळतं."

मी पडद्यासमोर बसले. ती माझ्याकडे बघून हसली. जवळून ती आणखी छान दिसत होती, त्यामुळे मला ती आणखी आवडली नाही.

बगलेच्या कापडाबद्दल मी विचारलं, तिने मन लावून सांगितलं. मग इकडेतिकडे बघून ती पुढे झुकली आणि अर्ध्या आवाजात म्हणाली, "एक विचारू? ते येतील ना इकडे? मी त्यांच्यासाठी घर बघून ठेवलंय. माझ्या घराजवळच आहे. तुम्ही त्यांच्याबरोबर काम करता... त्यांना काय आवडतं, काय नाही, जरा सांगाल?"

माझ्या घराजवळच. हे शब्द माझ्या कानात खिळ्यासारखे ठोकले गेले. आणि मग माझं तोंड माझ्या परवानगीशिवाय बोलायला लागलं.

"ते फार कडक आहेत," मी म्हणाले. "दाखवत नाहीत, पण कामाच्या वेळी कोणी हसलेलं त्यांना मुळीच चालत नाही. लांबण लावलेलीही नाही. हो की नाही, एका शब्दात उत्तर दिलं की खूश."

तिचा चेहरा पडला. "मी तर किती बोलते," ती म्हणाली. "बरं झालं सांगितलंत. थँक्यू."

तिने अगदी मनापासून थँक्यू म्हटलं. मी उठून आले. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. त्या दिवशी मी चक्क गुणगुणत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्या खोलीतून हसणं ऐकू आलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. दारावरून जाताना ऐकू यायचं ते फक्त त्याचं लांबलचक इंग्रजी आणि मग तिचं छोटंसं "येस". पुन्हा त्याचं बोलणं, पुन्हा "नो". मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

पण तो पावसाच्या खोलीत आला तेव्हा त्याच्या कपाळावर आठ्या होत्या. टोपीची दोरी सुटलेली होती आणि या वेळी ती मुद्दाम सोडलेली नव्हती.

"काहीतरी बिनसलंय तिकडे," तो म्हणाला. "आधी एक विचारलं तर दहा सांगायची. आता हो आणि नाही. माणसं अशी एकाएकी गप्प होतात ना, तेव्हा बहुतेक काहीतरी लपवत असतात. मशिनं बंद पडली असतील, नाहीतर लोक सोडून गेले असतील."

"असं... काही नसेल."

"मग काय असेल?"

सांगायची वेळ तीच होती. मी तोंड उघडलं. पण तो म्हणाला, "जाऊ दे. संध्याकाळी चहाला येता? कोपऱ्यावर. इथे ओरडून ओरडून घसा बसलाय माझा." आणि मी तोंड मिटलं. एका चहापायी मी गप्प बसले.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात टेबल इतकं लहान होतं की दोन कप ठेवल्यावर कोपर ठेवायला जागा उरत नव्हती. तो बशीतला चमचा उगाच फिरवत होता.

"तिकडे जावं लागलं, तर..." तो म्हणाला.

"तर?"

"काही नाही. दोन वर्षं म्हणजे... तुम्हाला काय वाटतं, फार असतात का?"

"कोणासाठी त्यावर आहे."

चहा निवून गेला तरी आम्ही उठलो नाही. उठल्यावर त्याने माझी ओढणी खुर्चीत अडकली होती ती सोडवून दिली, सावकाश, एखादं फार नाजूक काम असल्यासारखं. त्या रात्री मी दोन्ही गोष्टींचा विचार करत पडून राहिले. त्याचा, आणि त्या मुलीच्या पडलेल्या चेहऱ्याचा.

मत द्यायचा दिवस आला. काकांच्या खोलीत आम्ही चौघं. काकांनी पंखा वाढवला, आत्याने कमी केला. त्याने लॅपटॉप उघडून अहवाल सांगितला. दर चांगला. शिवण उत्तम, आपल्यापेक्षा कणभर सरसच. आत्याने नाक मुरडलं.

"पण माझी शिफारस नाही अशी आहे," तो म्हणाला. "गेले काही दिवस त्यांची वागणूक बदललीय. सरळ उत्तरं मिळत नाहीत. तिथे काहीतरी अडचण आहे आणि ते ती आपल्याला सांगत नाहीत. अशा ठिकाणी माल अडकला तर आपला हंगाम जाईल."

काकांचा चेहरा उतरला. बिचाऱ्यांनी दोन वर्षं याच्यावर मनोरे रचले होते. आत्या खुर्चीत ऐसपैस बसली आणि माझ्याकडे वळली. "चल गं, सांग तुझं."

मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. तीन अक्षरंसुद्धा नाहीत. शिवणखातं वाचणार होतं, तो इथेच राहणार होता, तिकडची तिकडेच राहणार होती. जे जे हवं ते सगळं समोर वाढून ठेवलेलं.

"तिथे काही अडचण नाही," मी म्हणाले.

तिघांनी माझ्याकडे बघितलं.

"ती गप्प झाली, कारण मी तिला गप्प राहायला सांगितलं. मी सांगितलं, यांना हसलेलं चालत नाही. एका शब्दात उत्तर द्या."

"हे कशासाठी?" काकांनी विचारलं. ते चिडले नव्हते, त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"कारण..." मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. "ती यांच्याशी हसायची ते मला बघवत नव्हतं. काका, माझं मत धरू नका. मी जळते तिच्यावर. तिच्या शिवणीवर, तिच्या केसांवर, सगळ्यावर. मी आता नाही म्हणाले तर ते कारखान्यासाठी असेल की माझ्यासाठी, ते माझं मलाच कळत नाही."

मला वाटलं, खाली पावसाच्या खोलीत जाऊन बसावं आणि आठवडाभर बाहेर येऊ नये.

त्याने लॅपटॉप मिटला.

"मग माझा अहवालही धरू नका," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "ती गप्प झाली तेव्हा मी तिला एकदा सरळ विचारायला हवं होतं. माझं कामच ते आहे. मी विचारलं नाही. मला... एखादी अडचण हवीच होती. तिकडे जावं लागू नये म्हणून."

"का, तिथलं हवापाणी वाईट आहे?" काका म्हणाले.

"अरे, गप्प बस," आत्या म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. "दोघंही बाहेर व्हा. जा. इथे ज्यांचं डोकं ठिकाणावर आहे तीच माणसं बोलतील आता."

बाहेरच्या अरुंद बोळात कोटांचे गठ्ठे रचलेले होते. आम्ही दोघं समोरासमोरच्या भिंतींना टेकून उभे राहिलो. आतून काकांचा आवाज चढायचा, मग आत्याचा त्याच्यावर.

"तुला खरंच ती हसलेली बघवत नव्हती?" त्याने विचारलं.

"तुम्ही 'तू' कधीपासून म्हणायला लागलात?"

"आत्ताच. परत घेऊ?"

"राहू दे."

तो थोडा पुढे आला. "मला वाटायचं, तू माझ्यावर चिडलेली असतेस."

"चिडलेलीच होते. तिच्याशी बोलताना तुम्ही कसे आरामात बसायचात. खुर्चीला रेलून, हात मानेमागे घेऊन. माझ्याशी बोलताना असे कधी बसला नाहीत."

"तुझ्याशी बोलताना..." तो थांबला. "हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही गं मला."

मी माझा हात पुढे केला, एवढंच. त्याने तो दोन्ही हातांत धरला आणि आम्ही तसेच उभे राहिलो. आत आत्या कोणाला तरी मोठमोठ्याने मराठीत बगलेचं कापड दाखवायला सांगत होती आणि काका ते घाईघाईने इंग्रजीत करून सांगत होते. त्यांनी तिकडचीला सरळ फोनच लावला होता.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. आम्ही हात सोडले. आत्याने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"ऐका," काका म्हणाले. "ताईचं आणि माझं जमलंय. मोठ्यांचे साधे कोट या एका हंगामापुरते तिकडून. लहान मुलांचे आणि गाडीवर घालायचे इथेच. त्यांची जी मागणी आपण आजवर परत पाठवायचो, तिच्यातच आपलं शिवणखातं भरून जाईल. एकही मशीन बंद होणार नाही, ही ताईची अट. पहिले तीन महिने आपलं माणूस तिकडे उभं राहून प्रत्येक गठ्ठा तपासेल, हीसुद्धा ताईचीच अट."

"मी तयारी करतो," तो म्हणाला.

"तुम्ही नाही. तुमचं काही धरू नका, असं तुम्हीच सांगितलंत. तुम्ही इथे थांबा आणि मुलांच्या कोटांचं बघा."

"मग कोण?" मी विचारलं.

"तू," आत्या म्हणाली. "त्या पोरीचा एकही टाका तुला आवडणार नाही. तुझ्या डोळ्यांखालून तिथली एक कच्ची शिवण सुटायची नाही. यापेक्षा चांगलं माणूस आम्हाला कुठून मिळणार? आणि जाशील तेव्हा तिची माफीही मागून टाक. गुणाची आहे गं, मला आवडली."

"पण तुझं मत लागेल," काका म्हणाले. "आता नीट विचार करून दे."

मी विचार केला. कोट चांगला होता. माझ्या टिपकागदांनी मला ते केव्हाच सांगितलं होतं. दर हंगामात आम्ही दुकानदारांना रिकाम्या हाती पाठवत होतो. आत्याच्या बायकांचं काम राहत होतं. नाही म्हणायला माझ्याकडे एकच कारण उरलं होतं आणि ते माझ्या शेजारी श्वास रोखून उभं होतं. आत्ताच तर त्याचा हात हातात आला होता...

"हो," मी म्हणाले.

आम्ही बाहेर आलो. जिना उतरलो, आवार ओलांडलं, फाटकाबाहेर पडलो तरी तो एक शब्द बोलला नाही. रस्त्यावर कामावरून सुटलेल्या लोकांची गर्दी होती. सायकली, दुधाची गाडी, शाळेतून परतणारी मुलं. तो माझ्याकडे न बघता चालत होता.

"रागावलात?"

"नाही. बरोबरच आहे तुझं मत." थोडं चालून तो म्हणाला, "मी असतो तरी तेच दिलं असतं. बहुतेक."

"तुम्ही दोन वर्षं जाणार होतात. माझे तर तीनच महिने."

"तीन महिने काय कमी असतात?" मग त्याने वाटेतला एक खडा पायाने उडवला. "तिकडे... तुझ्याबरोबर तपासायला कोण असेल?"

"तिचा भाऊ. काका म्हणाले, तिथलं तपासणी खातं तोच सांभाळतो. विमानतळावर घ्यायलाही तोच येणार आहे."

"भाऊ." त्याने पावलं आवरली. "थोरला की धाकटा?"

"ते नाही विचारलं."

"लग्न झालेलं असेल."

"मला काय माहीत?"

"नाही, म्हणजे... स्वभाव कसा आहे? कामाला बरा आहे ना? उगाच गप्पा मारत बसणारा नसेल ना?"

मी थांबले. तोही थांबला. कपाळावर आठ्या, कान लालबुंद, आणि नजर रस्त्यावरच्या एका खांबावर खिळलेली. इतके आठवडे मी आरशात जो चेहरा बघत होते, तो आता माझ्यासमोर उभा होता.

"जळताय?" मी विचारलं.

त्याने खांबावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. आढेवेढे घेतले नाहीत, हसला नाही, इकडेतिकडे बघितलं नाही.

"खूप," तो म्हणाला.

इतकं गोड मला आजवर कोणी काही बोललं नव्हतं.